ट्राउटची पंगत

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठी, नागिणी आणि गुशैणी या गावांच्या दरम्यान, मासे धरायला आलेला नवखा माणूस त्याच्या उभं राहण्यावरूनच ओळखू येतो. रस्त्यालगत गाडी लागते, रॉडचे तुकडे जोडले जातात, रीळ बसतं आणि हा गडी सरळ पाण्याच्या कडेला, सकाळच्या उन्हात, भडक जॅकेट घालून ताठ उभा राहतो. पहिली फेक अजून व्हायची असते, पण त्या डोहापुरता खेळ संपलेला असतो. कडेच्या दगडाआड बसलेल्या ट्राउटने त्याला केव्हाच पाहिलेलं असतं आणि मासा खोल कपारीत गेलेला असतो. पुढचा अर्धा तास पाहुणा रिकाम्या पाण्यात गळ फेकतो, मग फ्लाय (पिसा-लोकरीचा नकली किडा) बदलतो, मग स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) लावून पाहतो, आणि शेवटी नदीत मासेच उरले नाहीत असं म्हणत चहाला जातो.

गुशैणीचा वाटाड्या यातलं काहीच करत नाही. वडिलांच्या हाताखाली ही नदी शिकलेला हा माणूस काठापासून पाच-सात पावलं अलीकडेच बसकण मारतो आणि नुसता पाण्याकडे बघत राहतो. रॉड मांडीवर आडवा. बराच वेळ गेल्यावर तो पाण्यातल्या एका जागेकडे बोट करतो. आपल्याला तिथे काहीच दिसत नाही. कोणती फ्लाय लावायची, हा प्रश्न पाहुणे सगळ्यात आधी विचारतात आणि तो सगळ्यात शेवटी उत्तर देतो. त्याचं म्हणणं असं की आधी मासा कुठे बसलाय ते सांगा, मग तो काय बघतोय ते सांगा, फ्लायचं नंतर पाहू.

ट्राउटच्या मासेमारीवर गेल्या पाचशे वर्षांत जेवढं लिहिलं गेलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याही माशाबद्दल क्वचितच लिहिलं गेलं असेल. रॉड, दोऱ्या आणि हजारो प्रकारच्या फ्लाय यांचा तर बाजारच आहे. पण या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी माशाची एक सवय आहे. ती समजली की बाकीचं तंत्र आपोआप उलगडत जातं. ती समजली नाही, तर महागडा रॉड हातात असूनही हात रिकामेच राहतात.

सवय अशी. ट्राउट वाहत्या पाण्यात धारेकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि अन्न आपल्याकडे येऊ देतो. पंगतीला बसलेला माणूस उठून भाताच्या पातेल्याकडे धावत नाही, वाढपी समोर येणार हे त्याला ठाऊक असतं. नदी ही ट्राउटची वाढपी. ती सतत काहीबाही घेऊन येते: किडे, त्यांच्या अळ्या, वाऱ्याने पडलेले टोळ, मुंग्या. माशाचं काम एवढंच की पान चांगल्या जागी मांडायचं. जोरदार धारेत दिवसभर पोहत राहिलं तर जेवढं खाल्लं त्याहून जास्त ताकद खर्च होईल. अगदी संथ पाण्यात बसलं तर वाढपी फिरकणारच नाही. म्हणून त्याला अशी जागा लागते, जिथे स्वतःभोवती पाणी मंद आहे आणि हातभर अंतरावरून वेगवान धार अन्न घेऊन चालली आहे. संकट आलं तर लपायला खोल पाणी किंवा कपार जवळ हवी, हेही आलंच. या पंगतीत मानपान आहे. सगळ्यात चांगलं पान सगळ्यात दांडगा मासा अडवतो. त्याला तिथून काढलं तर थोड्याच दिवसांत त्याच्या खालोखालचा तिथे येऊन बसतो. म्हणूनच जुने गळकरी जागा लक्षात ठेवतात आणि वर्षानुवर्षं त्याच दगडाशी परत येतात.

तीर्थनमध्ये अशा जागा पावलोपावली आहेत. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागातून उतरते, गुशैणीला फलाचन तिला मिळते, आणि बंजारचं खोरं ओलांडून लारजीजवळ ती बियासला मिळते. मधल्या टप्प्यात पात्रात घराएवढाले धोंडे आहेत. धोंड्याच्या मागे, म्हणजे खालच्या अंगाला, पाणी मंद होतं हे कुणालाही दिसतं. पण धोंड्याच्या पुढेही, धार आपटून मागे दबते तिथे, मंद पाण्याचा एक छोटा कप्पा असतो. येणारं अन्न तिथे सगळ्यात आधी पोचतं. नवखे ती जागा हमखास सोडतात. दुसरी जागा म्हणजे वेगवान आणि संथ पाण्यामधली शिवण. ती ओळखायला सोपी, कारण पाण्यावरचा फेस त्याच रेषेत वाहतो, आणि जो प्रवाह फेस नेतो तोच किडेही नेतो. तिसरी, काठाखाली पाण्याने पोखरलेली पोकळी, जिच्यावर झाडांची मुळं लोंबतात. मोठे ब्राउन ट्राउट दिवसा तिथेच दडतात. आणि डोहाची शेपटी, जिथे पाणी उथळ होऊन पुन्हा खळाळायला लागतं. दुपारी ती ओस असते आणि दिवेलागणीला तिथे मासे जेवायला येतात. नद्यांतल्या किड्यांचं प्रवाहाबरोबर वाहत जाणं अंधार पडल्यावर वाढतं आणि पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे ही वेळ साधणारा मासा मूर्ख नव्हे.

आता तो काय बघतो.

पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला सगळा पृष्ठभाग पारदर्शक दिसत नाही. डोक्यावर एक गोल खिडकी उघडी असते आणि तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशाचं काम करतो, त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. हे प्रकाशाच्या वक्रीभवनाचं गणित आहे. खिडकीचा शंकू साधारण ९७ अंशांचा असतो, त्यामुळे मासा जितका खोल तितकी खिडकी मोठी. अर्धा मीटर खोलीवरच्या माशाची खिडकी जेमतेम ११५ सेंटिमीटर रुंद असते. एक मीटरवर ती सव्वादोन मीटरच्या वर जाते. पण बाहेरचं सगळं जग, अगदी क्षितिजापर्यंतचं, त्या खिडकीच्या कडेला दाबून बसवलेलं असतं. क्षितिजाजवळच्या दहाएक अंशांतलं दृश्य इतकं चेपलं जातं आणि अंधूक होतं की माशाला त्यातलं फारसं कळत नाही. इथेच गळकऱ्याची सोय आहे. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस दहा मीटरवर उभा असेल तर तो या दहा अंशांत कसाबसा मावतो. पाच मीटरवर यायचं असेल तर डोकं कमरेच्या उंचीला आणावं लागतं, म्हणजे गुडघ्यावर बसावं लागतं. वाटाड्या बसकण का मारतो, याचं उत्तर भूमितीत आहे. त्याने ही भूमिती पुस्तकातून शिकलेली नाही, पण त्याचा हिशेब चुकत नाही.

उथळ पाण्यातला मासा जवळून गाठता येतो, कारण त्याची खिडकी लहान. खोल पाण्यातला दुरूनच बघतो. शिवाय ट्राउटचे डोळे बाजूला असल्याने त्याला शेपटीमागचा अरुंद पट्टा सोडून जवळजवळ चहूकडचं दिसतं. तोंड धारेकडे, म्हणून आपण खालून वर, धारेच्या विरुद्ध चालत जायचं. एक अपवाद फार उपयोगी आहे. भोवऱ्यात पाणी उलटं फिरतं, तिथे मासाही उलटा, म्हणजे नदीच्या उताराकडे तोंड करून बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने धार तिकडूनच येते.

बोलण्याचा त्रास माशांना होत नाही, हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. पावलांचा होतो. अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदी रेषेवर माशाला पाण्यातली थरथर कळते, आणि काठावरचा सैल दगड टाचेखाली खडखडला की ती थरथर पाण्यात उतरते. गप्पा मारा, पण पाय हळू टाका.

*

हा मासा इथला नाही, हे सांगायला हवं. हिमालयाच्या नद्यांत ट्राउट नव्हता. इंग्रजांना तो हवा होता, कारण त्यांच्या घरच्या नद्यांत गळ टाकताना जो अनुभव येई तो त्यांना इथल्या थंड पाण्यात पुन्हा हवा होता. १८६३ मध्ये मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत प्रयत्न केला, तो फसला. निलगिरीत ट्राउट रुजला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ॲव्हलांच इथल्या पैदास केंद्रामुळे. काश्मीरमध्ये श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल या स्कॉटिश गृहस्थाने पुढाकार घेतला. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी आलेली जगली. महाराजा प्रतापसिंगांच्या काळात हारवनला पैदास केंद्र उभं राहिलं आणि तिथून लिद्दर, सिंधसारख्या नद्यांत मासे सोडले गेले. काश्मीरहूनच १९०९ मध्ये कुल्लूत अंडी आली. जी. सी. एल. हॉवेल हा अधिकारी त्यामागे होता आणि कटराईंजवळच्या माहिली इथे पिल्लं वाढवली गेली. बियासमधून, तिच्या उपनद्यांमधून मासा पसरला. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने ट्राउटशेती उभी राहिली. आज हिमाचलच्या ढाब्यांवर ताटात येतो तो बहुधा तिथल्यासारख्या सिमेंटच्या हौदांत वाढलेला रेनबो ट्राउट. नदीत गळाला लागतो तो मुख्यतः ब्राउन, अंगावर लाल-काळे ठिपके असलेला आणि कितीतरी जास्त संशयी.

सह्याद्रीत तो का नाही, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. कारण तापमान. ब्राउन ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, कारण पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. आपल्या घाटमाथ्यावरच्या नद्या उन्हाळ्यात या हद्दीच्या पलीकडे जातात. आपल्याकडचा मानाचा मासा महाशीर, त्याचं तंत्र वेगळं आणि त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. कोकणात खाडीच्या तोंडाशी गरी टाकून तासन् तास बसणाऱ्या माणसाला मात्र इथलं निम्मं शास्त्र सांगावं लागत नाही. भरती-ओहोटीला धार कुठे वळते आणि मासा कुठे तोंड करतो, हे त्याच्या अंगातच असतं.

*

पृष्ठभागावर की पृष्ठभागाखाली, हा ट्राउट पकडणाऱ्यांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडू वाद आहे.

पिसं आणि लोकर गळाला गुंडाळून किड्याचा भास करायची युक्ती निदान अठराशे वर्षं जुनी आहे. रोमन लेखक ईलियनने मॅसिडोनियातल्या नदीवरच्या लोकांबद्दल लिहिलं आहे, की ते गळाला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं लावत आणि ठिपकेदार मासे धरत. पण या खेळाचं धर्मशास्त्र झालं ते एकोणिसाव्या शतकात, दक्षिण इंग्लंडच्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या नद्यांवर. तिथलं पाणी काचेसारखं नितळ, संथ, किड्यांनी भरलेलं. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ मध्ये तरंगत्या फ्लायवर पुस्तक काढलं आणि हळूहळू असा दंडक पडला की खरा गळकरी मासा पृष्ठभागावर येऊन खाताना दिसल्यावरच, धारेच्या वरच्या अंगाला, तरंगती फ्लाय टाकेल. बाकी सगळं हलकं. जी. ई. एम. स्क्यूज हा लंडनचा वकील त्याच इचेनवर उभा राहून बघत होता, की मासे बहुतेक वेळ पृष्ठभागाखालीच खातात. १९१० च्या आपल्या पुस्तकात त्याने ते सभ्यपणे मांडलं. हॅलफर्डपंथीयांना ते पटलं नाही. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर चर्चा झाली, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होता.

मला हा वाद वाचताना हसू येतं, पण स्क्यूजच बरोबर होता. मेफ्लायसारखा पाणकिडा आयुष्याचा बहुतेक काळ दगडांखाली अळीच्या रूपात काढतो. काहींना त्यात वर्ष लागतं. मग तो वर येतो, कात टाकतो, उडतो, समागम करतो, अंडी घालतो आणि मरतो. पंख फुटल्यावर त्याला खाण्यासाठी चालतं तोंडही नसतं, कारण त्याला फक्त काही तास किंवा एखाद-दोन दिवसच जगायचं असतं. म्हणजे माशाच्या दृष्टीने हे अन्न वर्षभर तळाशी उपलब्ध आणि थोडा वेळच पृष्ठभागावर. जो गळकरी फक्त तरंगत्या फ्लायवर अडून बसतो, तो जेवणातल्या शेवटच्या विड्याचीच वाट बघतो.

गुशैणीचा वाटाड्या पाण्याकडे बघून झालं की चप्पल काढून कडेला उतरतो आणि एक दगड उचलून उलटा करतो. खालच्या ओल्या बाजूला चपट्या अंगाच्या अळ्या सरपटत असतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून बनवलेल्या बारीक नळ्या असतात, ती कॅडिस या पाणकिड्याच्या अळीची घरं. या अळ्यांचा आकार बघून तो फ्लायच्या डबीतून निवड करतो. आकारमान आधी, ठेवण नंतर, रंग शेवटी, असा त्याचा क्रम. दुकानातल्या झगमगीत फ्लाय, त्याच्या मते, मासे धरायला नव्हे, माणसं धरायला बनवलेल्या असतात.

अळीच्या नकलांमध्ये फ्रँक सॉयरची फेझंट टेल मला सगळ्यात देखणी वाटते. सॉयर विल्टशरमधल्या एव्हन नदीचा रखवालदार होता, मासे धरायला येणाऱ्या साहेबांसाठी नदी सांभाळणारा. वर्षानुवर्षं पाण्यात बघून त्याच्या लक्षात आलं की पोहणारी अळी पाय अंगाशी दुमडून घेते. मग फ्लायला पाय लावायचेच कशाला? त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यावर भागवलं. दोऱ्याऐवजी तार वापरल्याने फ्लाय जड झाली आणि तळाकडे गेली. दुसरं असं की मासा समोर असताना रॉड किंचित उचलायचा, की अळी वर निघाल्याचा भास होतो आणि न राहवून मासा तोंड उघडतो. ही युक्ती अजूनही जगभर चालते, तीर्थनवरही.

*

आता ज्या एका गोष्टीवर सगळं अडतं, तिच्याकडे येऊ. इंग्रजीत तिला ड्रॅग म्हणतात आणि हिमाचलचे वाटाडेही तोच शब्द वापरतात.

पाण्यावर सुटा वाहणारा किडा त्याच्याखालच्या पाण्याच्याच वेगाने जातो, ना पुढे ना मागे. आपली फ्लाय मात्र दोरीला बांधलेली. दोरी आपल्यापासून माशापर्यंत पसरताना तिच्याखाली तीन-चार वेगवेगळ्या वेगांच्या धारा असतात. मधली वेगवान धार दोरीच्या पोटाला धरून खाली ओढते आणि दोरीच्या टोकाची फ्लाय, मंद पाण्यात असूनही, अचानक घसरू लागते. पाण्यावर तिच्यामागे इंग्रजी व्हीसारखी बारीक रेघ उमटते. मासा ती बघतो. फ्लाय हुबेहूब किड्यासारखी असली तरी त्याचं समाधान होत नाही, कारण किडे असे चालत नाहीत. साधी, बेढब फ्लाय बिनओढीची वाहिली तर ती खाल्ली जाते. फ्लायच्या रंगरूपावर हजारो पानं खर्च झाली, पण तिच्या चालीकडे दुर्लक्ष करणारा गळकरी बहुतेक वेळा रिकाम्या हातानेच परततो.

उपाय तीन. पहिला, दोरी पाण्यात पडली की लगेच मनगटाच्या झटक्याने तिचं पोट धारेच्या वर उलटून टाकायचं, म्हणजे धारेला ते ओढून खाली न्यायला वेळ लागतो आणि फ्लायला तेवढे सेकंद मोकळे मिळतात. दुसरा, फेकतानाच दोरी ताणून न टाकता नागमोडी पडू द्यायची. तिसरा, जो तीर्थनसारख्या धोंड्यांच्या नदीत सगळ्यात चालतो, तो म्हणजे दोरी पाण्यात पडूच द्यायची नाही. जवळ जायचं, अगदी तीन-चार मीटरवर, धोंड्याच्या आडोशाने. रॉड उंच धरायचा आणि फक्त टोकाची बारीक तंगूस पाण्यात उतरू द्यायची. इथे मोठी फेक कामाची नाही. जपानी डोंगरी ओढ्यांवरची तेंकारा नावाची पद्धत हेच करते, त्यात रीळच नसतं. लांब लवचिक काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि एक फ्लाय. हिमालयातल्या ओढ्यांना ती इतकी साजते की इथे ती रुजली नाही याचंच नवल वाटतं.

ज्या माशाला पृष्ठभागावर उठताना पाहिलं त्याच्यावर फेकताना एक बारकावा सांभाळावा लागतो. किडा दिसला की मासा तिथल्या तिथे तोंड उघडत नाही. तो वर तरंगतो, किड्याबरोबर मागे मागे जात त्याला न्याहाळतो आणि मग गिळतो. पाण्यावरचं वर्तुळ उमटतं ते त्याच्या बसण्याच्या जागेच्या खाली, आणि उमटल्यावर तेही वाहत राहतं. म्हणून वर्तुळावर फेकलेली फ्लाय माशाच्या शेपटीमागे पडते. दीड-दोन मीटर वर टाकावी, आणि दोरी माशाच्या डोक्यावरून जाऊ देऊ नये.

फेकीबद्दल थोडं. फ्लायला वजन नसतं, वजन दोरीत असतं. साध्या गळाचं शिसं दोरीला ओढून नेतं, इथे दोरीच फ्लायला नेते. त्यामुळे ताकद उपयोगाची नाही. रॉड घड्याळाच्या दोनच्या काट्यापर्यंत मागे नेऊन थांबवायचा, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग दहाच्या काट्यापर्यंत पुढे आणून पुन्हा झटकन थांबवायचा. थांबण्यातच सगळी किमया आहे, कारण रॉड वाकून साठवलेली ताकद थांबल्यावरच दोरीत जाते. घाई करणाऱ्याची दोरी मागे फटकारते आणि फ्लाय तुटून झाडावर जाते. तीर्थनकाठच्या झाडांवर अशा कितीतरी फ्लाय लटकलेल्या आहेत. टोकाला लागते ती तंगूस पाच-एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीची. गढूळ पाण्यात चार-एक्सही चालते.

स्पिनरवाल्यांना फ्लायवाले नाक मुरडतात. मला त्यात अर्थ वाटत नाही. हिमाचलात बहुसंख्य स्थानिक लोक स्पिनरच टाकतात, आणि बर्फ वितळून नदी फुगलेली असताना तेच शहाणपणाचं. फिरणारं पातं पाण्यात थरथर करतं, ती माशाच्या अंगावरच्या रेषेला कळते, डोळ्यांना गढूळपणामुळे काही दिसत नसलं तरी. फक्त तो धारेला आडवा फेकावा आणि धारेपेक्षा किंचितच वेगाने गुंडाळावा, म्हणजे पातं फिरेल पण स्पिनर पृष्ठभागावर येणार नाही.

*

काळवेळ. मार्चमध्ये पाणी इतकं थंड असतं की मासे सुस्तावून खोलात बसतात, तेव्हा पहाटे उठण्यात शौर्य नाही. दहा वाजता न्याहारी करून निघावं आणि दुपारच्या उन्हात जड अळी तळाशी खेळवावी. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळायला लागलं की नदीला रोजचा ताल येतो. दिवसभराचं वितळलेलं पाणी दुपारनंतर उतरतं, नदी चढते आणि गढूळ होते. सकाळी ती ओसरलेली, निवळलेली असते. जूनमध्ये भर दुपारचा नाद सोडावा. पावसाळ्यात नदीपासून दूर राहिलेलं बरं, जुलै २०२३ मध्ये कुल्लूत बियासने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरचं पाणी सगळ्यात नितळ, मासे हिवाळ्यापूर्वी पोट भरून घेण्याच्या घाईत, आणि काठावर गर्दी नाही. वाटाड्याच्या सदऱ्याच्या खिशात एक साधा थर्मामीटर असतो. फ्लायच्या डबीपेक्षा त्याने मला जास्त मासे दिले, असं तो म्हणतो.

लागलेला मासा काठावर आणण्यात घाई केली की बारीक तंगूस तुटते, आणि फार वेळ खेळवलं तर मासा दमून मरतो. रॉड आडवा धरून बाजूने ताण द्यावा म्हणजे त्याचा तोल जातो आणि तो लवकर वळतो. सोडायचा असेल तर हात आधी नदीत ओले करावेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकला असला तर गळ चटकन सुटतो. मग धारेकडे तोंड करून दोन्ही हातांत अलगद धरावा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्यावं, तो स्वतःहून निसटेपर्यंत. फोटो पाण्यातच काढावा. पाणी २० अंशांच्या जवळ गेलं की मासा सोडला तरी वाचेलच असं नाही, तेव्हा त्या दिवशी गळच टाकू नये. खायचा असेल तर नियमात बसेल तो एक ठेवावा आणि शेकोटीवर मीठ लावून भाजावा. त्याबद्दल लाजायचं कारण नाही.

लाजायचं असेल तर दुसऱ्या गोष्टीबद्दल. हिमालयाच्या या पाण्यात मूळचा मासा आहे स्नो ट्राउट. नावात ट्राउट असला तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला, खालच्या बाजूला वळलेल्या तोंडाने दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारा. त्याची पिल्लं ब्राउन ट्राउट खातो, जागाही अडवतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत स्नो ट्राउटची एक प्रमुख हिमालयी जात धोक्यात आलेल्यांत आहे. धरणं, वाळू-दगडांचा उपसा, ब्लीचिंग पावडर टाकून होणारी चोरटी मासेमारी ही कारणं आहेतच, पण इंग्रजांचा पाहुणाही त्यातलाच एक आहे.

गंमत म्हणजे त्याच पाहुण्याने तीर्थनला वाचवायलाही हातभार लावला. या नदीवर छोटे वीजप्रकल्प यायचे होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले लोक त्याविरुद्ध उभे राहिले, न्यायालयात गेले आणि प्रकल्प मागे पडले. त्यांच्या बाजूने जे मुद्दे होते त्यांत ट्राउटची नदी आणि तिच्यावर जगणारं पर्यटन हाही मुद्दा होता. लारजीपाशी बियासवर १२६ मेगावॉटचं धरण आहे, पण त्याच्यावरची तीर्थन अजून मोकळी वाहते. खोऱ्यावरच्या उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्नो ट्राउटलाही मोकळी नदीच हवी, म्हणून परक्या माशाचे हे उपकार त्याच्याही पदरात पडले. हा हिशेब कुणाच्या बाजूने मांडायचा, यावर गुशैणीच्या चहाच्या टपरीवर एकमत नाही.

हिमाचलच्या ट्राउट-नद्यांवर दरवर्षी हिवाळ्यात बंदी असते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, कारण ब्राउन ट्राउट या थंडीत अंडी घालतो. मादी वाळू-गोट्यांत शेपटीने खळगा करते आणि अंडी त्यात पुरते. तेव्हा नदीत चालणंही टाळावं, पायाखाली खळगे तुडवले जातात. काश्मीरच्या नद्या त्याआधीच, सप्टेंबरअखेर, बंद होतात. परवाना दोन्हीकडे मत्स्यविभागाकडून घ्यावा लागतो आणि तो नदीच्या ठरावीक पट्ट्यापुरता असू शकतो, म्हणून कुठल्या पट्ट्याचा आहे ते आधी विचारून घ्यावं.

बंदीचे चार महिने फुकट जायची गरज नाही. फेकीचा सराव पाण्यावर करायचा नसतोच. सोसायटीच्या मैदानात किंवा गच्चीवर, सकाळी मुलं क्रिकेटला यायच्या आधी, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधावा आणि दहा मीटरवर जेवणाचं एक ताट ठेवावं. लोकर ताटात पडली पाहिजे, आणि दोरीच्या आधी पडली पाहिजे. उभ्याने जमलं की गुडघ्यावर बसून करावं, कारण तीर्थनवर तसंच बसायचं आहे.